फ्लोरिडातलं ‘क्लोजिंग द गॅप’ अनुदान: पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या बहुतेक मराठी मंडळांत वर्षाकाठी एखादं आरोग्य शिबिर होतंच. गणपतीच्या हॉलच्या कोपऱ्यात दोन टेबलं, रक्तदाबाचं यंत्र, बोट टोचून साखर बघणारी एखादी नर्सताई आणि ‘मी जेवून आलोय बरं का’ असं आधीच सांगून मोकळे होणारे काका. मग कमिटीत कुणीतरी विचारतं, ‘याला सरकारी ग्रँट नाही का मिळत?’

शिबिराला नाही मिळत. एखाद्या समाजाला एखादा आजार इतरांपेक्षा जास्त छळतो, लवकर गाठतो, हे आकड्यांनी दाखवलंत आणि ती तफावत कशी कमी करणार हे पटवलंत, तर त्या कामाला मिळते. नवख्या संस्थांचे अर्ज बहुतेक इथेच आपटतात. ‘आम्ही काय करतो’ यावर चार पानं आणि ‘तफावत कुठे आहे’ यावर चार ओळी.

खालचं सगळं फ्लोरिडाच्या ‘क्लोजिंग द गॅप’ या राज्य अनुदानाभोवती आहे. याचे नियम थेट कायद्यात छापलेले आहेत आणि छोट्या संस्थेला झेपेल असा हा मार्ग आहे. दुसऱ्या राज्यात राहत असाल तर रकमा आणि अटी बदलतील, कामाचा क्रम फारसा बदलणार नाही.

हे पैसे आले कुठून

१९८५ साली अमेरिकेच्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांच्या खात्याने एक अहवाल काढला. कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्याक समाजांत दरवर्षी सुमारे ६०,००० मृत्यू असे होतात, जे गोऱ्यांइतकं आरोग्य लाभलं असतं तर झाले नसते, असा त्याचा हिशेब होता. त्यातून १९८६मध्ये केंद्रात ऑफिस ऑफ मायनॉरिटी हेल्थ उभं राहिलं. १९९९मध्ये सीडीसीने, म्हणजे केंद्राच्या रोगनियंत्रण संस्थेने, ‘रीच’ हा वस्तीपातळीवरचा कार्यक्रम सुरू केला आणि २०००मध्ये फ्लोरिडाने स्वतःचा कायदा केला: कलम ३८१.७३५१ ते ३८१.७३५६. अर्ज लिहायला बसण्याआधी ही कलमं मुळातून वाचा. फार मोठी नाहीत, तासाभरात होतात, आणि अर्जात काय काय हवं त्याची यादी त्यातच आहे.

केंद्राच्या पैशाबद्दल आजघडीला जपून राहा. जानेवारी २०२५मधल्या अध्यक्षीय आदेशांनी ‘इक्विटी’शी (समाजासमाजांतली दरी मिटवण्याशी) जोडलेल्या अनुदानांवर कुऱ्हाड आली. एनआयएच या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेची कितीतरी संशोधन अनुदानं मध्येच रद्द झाली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द अनुदानांच्या पैशाचे दावे फेडरल क्लेम्स कोर्टाकडे (केंद्र सरकारवरचे पैशाचे दावे ऐकणाऱ्या न्यायालयाकडे) वळवले. संस्थेचा अख्खा पगारपट एका फेडरल ग्रँटवर टांगू नका, एवढा धडा त्यातून घ्यावा. राज्याचा पैसा, काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) पैसा आणि स्थानिक हॉस्पिटलचा समाजनिधी हे सगळे एकत्र धरून आखणी करा.

पायरी १: तफावत कुणाची, ते प्रामाणिकपणे ठरवा

‘आपल्या लोकांना डायबेटिस फार’ हे खरंच आहे. दक्षिण आशियाई लोकांत तो कमी वजनावर आणि कमी वयात दिसतो. म्हणूनच अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५पासून एशियन वंशाच्या लोकांसाठी तपासणीची बीएमआयची (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) पायरी २५वरून २३वर आणली. २०१० साली शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात सुरू झालेल्या ‘मसाला’ अभ्यासातही (नाव खरंच तेच आहे) इतर समाजांच्या तुलनेत दक्षिण आशियाई लोकांत मधुमेहाचं प्रमाण जास्त आढळलं.

पण अर्ज तपासणारा विचारणार, यातल्या कुणाला मदतीवाचून अडलंय? उत्तम विमा असलेल्या आयटीवाल्याला त्याचा डॉक्टर दरवर्षी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) करून देतोच. खरी अडचण त्याच्या शेजारी असते. ग्रीन कार्डावर आलेल्या सासूबाईंना पासष्टी उलटली तरी पाच वर्षं सलग राहिल्याशिवाय मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी विमा पैसे देऊनही घेता येत नाही. पेट्रोलपंपावर आणि मोटेलमध्ये बारा-बारा तास काम करणाऱ्यांना विमा नसतो. ओरलँडो आणि ब्रॉवर्ड काउंटीत गयाना-त्रिनिदादहून आलेली मंडळी आहेत. त्यांचे पूर्वज १८३८पासून गिरमिटिये (करारबद्ध मजूर) म्हणून भारतातून गेले. फॉर्मवर मात्र त्यांतला कुणी ‘एशियन’ला टिक करतो, कुणी ‘ब्लॅक’ला, कुणी ‘अदर’ला, त्यामुळे आकड्यांत ते दिसतच नाहीत.

माझं स्पष्ट मत: फक्त मराठी लोकांसाठी अर्ज करू नका. एक तर एका काउंटीत पुरेसे मराठी लोक सापडायचे नाहीत. शिवाय सार्वजनिक पैशाची सेवा वंश बघून नाकारणं १९६४च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणात बसत नाही. लक्ष कुणावर ते लिहा, कारण आकडे सांगतात म्हणून. दार मात्र सगळ्यांना उघडं, हे एका वाक्यात स्वच्छ नोंदवा.

आजार निवडताना कायद्याची यादी बघा. मातामृत्यू आणि बालमृत्यू, कर्करोग, एचआयव्ही, हृदयविकार, मधुमेह, लसीकरण, दातांचं आरोग्य, सिकल सेल हे त्यात आहेत. (सिकल सेल वाचून गडचिरोली-नंदुरबारकडच्या वाचकांचे कान टवकारतील. आश्रमशाळांतल्या सिकल सेल तपासणीत काम केलेलं कुणी तुमच्यात असेल तर तो अनुभव इथेही मोलाचा आहे.) एकच आजार घ्या. ‘सर्वांगीण आरोग्य’ असं लिहिलेल्या अर्जाला कुणी पैसे देत नाही.

पायरी २: आकडे जमवा

फ्लोरिडाच्या आरोग्य खात्याचं ‘एफएल हेल्थ चार्ट्स’ हे संकेतस्थळ पहिलं उघडा. मृत्यू, जन्म, आजार, सगळं काउंटीवार आणि वंशवार मिळतं. सीडीसीचं ‘प्लेसेस’ त्याहून खाली उतरून मोहल्ल्याएवढ्या जनगणना-खंडापर्यंत अंदाज देतं. तिसरी खाण बहुतेकांना माहीतच नसते. विनानफा हॉस्पिटलांना दर तीन वर्षांनी परिसराच्या आरोग्य-गरजांचं सर्वेक्षण करून जाहीर करावंच लागतं. तुमच्या हॉस्पिटलच्या साइटवर ते पडलेलं असतं. त्यात तुमचा आजार पहिल्या तीन गरजांत असला, तर तेच वाक्य उचलून अर्जात घाला.

आपल्या लोकांचे आकडे शोधताना मात्र पंचाईत होते. ‘एशियन’ या एका रकान्यात भारतीय, चिनी, फिलिपिनो, व्हिएतनामी सगळे कोंबलेले असतात. फोनवरून होणारं सरकारी आरोग्य सर्वेक्षण इंग्रजी आणि स्पॅनिशमधून होतं. ज्या आजींना दोन्ही येत नाहीत त्या त्यात कुठून येणार? त्यामुळे सरासरीत एशियन लोक ठणठणीत दिसतात आणि तपासणारा म्हणतो, तफावत कुठाय?

यावर उपाय म्हणजे स्वतःचं छोटं सर्वेक्षण. देवळात, गुरुद्वारात, मशिदीत, देशी किराणा दुकानाच्या दारात. प्रश्न मोजके: वय, जन्मदेश, घरात बोलतात ती भाषा, विमा आहे का, शेवटची रक्ततपासणी कधी, औषध परवडत नाही म्हणून कधी टाळलं का. नाव-पत्ता घेऊ नका, लागत नाही. कायद्याला ‘सुरुवातीची स्थिती कशी मोजणार’ याचं उत्तर हवंच असतं, ते यातून मिळतं. आकडा लहान असला तरी चालेल, तो आला कसा हे सांगा.

फरक कसा पडतो ते बघा. नवखा लिहितो: ‘दक्षिण आशियाई समाजात मधुमेहाचं प्रमाण चिंताजनक असून जनजागृतीची नितांत गरज आहे.’ जाणता लिहितो: ‘या दोन झिप कोडांत हॉस्पिटलच्या सर्वेक्षणानुसार मधुमेह ही पहिल्या क्रमांकाची गरज आहे. आम्ही विचारलेल्या प्रौढांपैकी इतक्यांना विमा नाही, त्यांतल्या इतक्यांची दोन वर्षांत साखर तपासलेली नाही. सर्वांत जवळच्या सवलतीच्या दवाखान्यात हिंदी, गुजराती किंवा बंगाली बोलणारं कुणी नाही.’ दुसऱ्या परिच्छेदात ‘नितांत’ नाही आणि त्याची गरजही नाही.

पायरी ३: जोडीदार शोधा, आणि पुढे कोण राहणार ते ठरवा

कायदा म्हणतो, काउंटीतली कुणीही व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते आणि प्रमुख संस्था, म्हणजे अनुदानाची आणि हिशेबाची जबाबदारी घेणारी, होऊ शकते. अर्ज मागवणाऱ्या प्रत्यक्ष जाहिरातीत अनुभवाची, हिशेबाची, नोंदणीची आणखी अटी-शर्ती येतात. मंडळाने पहिल्या वर्षी प्रमुख न होता भागीदार व्हावं, असं मी आग्रहाने सांगेन. सरकारी हिशेब ठेवणं म्हणजे दिवाळीच्या तिकिटांचा हिशेब नव्हे.

प्रमुख म्हणून सर्वांत योग्य जागा म्हणजे तुमच्या भागातलं फेडरल अनुदानित सामुदायिक आरोग्य केंद्र. तिथे पैसे नाहीत म्हणून रुग्णाला परत पाठवत नाहीत, उत्पन्नानुसार फी लावतात, आणि त्यांच्या संचालक मंडळात निम्म्याहून जास्त रुग्ण असावे लागतात. हिशेबनीस, डॉक्टर, विमा, सगळं त्यांच्याकडे असतं. नसतो तो देशी लोकांचा विश्वास आणि भाषा. ती तुमच्याकडे आहे. सौदा यावरच होतो.

अर्ज निवडताना कशाला प्राधान्य, तेही कायद्यात आहे: जिथे नोंदलेली तफावत सर्वांत मोठी, जिथे गरिबी जास्त, जिथे स्थानिक वाटा (पायरी ६ बघा) किमान अटीपेक्षा अधिक, जिथे डॉक्टर-दवाखाने खरोखर सामील, आणि जिथे पाठिंबा व्यापक. त्या व्यापक पाठिंब्यात गोऱ्या समाजाचे प्रतिनिधीही कायद्याने नाव घेऊन धरलेत. तेव्हा पत्रं फक्त देशी संस्थांची गोळा करू नका. शेजारचं चर्च, रोटरी क्लब, फार्मसी यांचीही घ्या.

पाठिंब्याचं पत्र आणताना मजकुराचा मसुदा तुम्हीच द्या. ‘या स्तुत्य उपक्रमाला आमच्या शुभेच्छा’ या पत्राला शून्य गुण. ‘दर मंगळवारी संध्याकाळी दोन तास आमचा हॉल विनामूल्य देऊ आणि एक नर्स पाठवू’ हे पत्र पुढे बजेटमध्येही उपयोगी पडतं.

पायरी ४: कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, म्हणून झटपट. ईआयएन (संस्थेचा कर-क्रमांक), आयआरएस या करखात्याचं करसवलतीचं ५०१(सी)(३) पत्र, उपविधी, संचालकांची यादी, डब्ल्यू-९ हा कर-क्रमांक कळवण्याचा फॉर्म, आणि राज्याच्या ‘मायफ्लोरिडा मार्केटप्लेस’वर विक्रेता नोंदणी. फेडरल अर्ज करायचा असेल तर सॅम डॉट गव्ह या केंद्राच्या संकेतस्थळावर नोंदणी करून बारा अक्षरांचा यूईआय हा संस्थेचा ओळख-क्रमांक घ्या. ती नोंदणी फुकट असते आणि दरवर्षी नूतनीकरण लागतं. ‘तुमचं सॅम संपतंय, इतके डॉलर भरा’ असा मेल आला तर तो कचऱ्यात टाका.

दोन गोष्टी मात्र आजच तपासा. पन्नास हजार डॉलरपर्यंत जमा असलेल्या संस्थेला वर्षातून एकदा ९९०-एन हा पोस्टकार्डाएवढा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. तीन वर्षं सलग भरायचा राहिला की करसवलत आपोआप रद्द. कमिटी दरवर्षी बदलते, पासवर्ड जुन्या खजिनदाराच्या मेलवर असतो, आणि कुणाच्याच लक्षात येत नाही. दुसरं, राज्याच्या सनबिझ संकेतस्थळावरचा वार्षिक अहवाल. विनानफा संस्थेला ६१.२५ डॉलर, मुदत १ मे. तो भरलाच नाही तर राज्य सप्टेंबरात संस्था विसर्जित करतं. शिवाय संस्थेचं नाव सगळीकडे तंतोतंत एकच हवं. एका जागी ‘इंक’ आणि दुसऱ्या जागी नाही, एवढ्यावरूनही सॅमची नोंदणी आठवडेच्या आठवडे अडते.

पायरी ५: काम असं निवडा की जे चालतं हे आधीच सिद्ध आहे

नवीन कल्पना लढवायचा मोह आवरा. मधुमेहासाठी सिद्ध मार्ग उपलब्ध आहे. २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅमच्या चाचणीत वजन ७ टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम एवढ्याने पूर्वमधुमेही (साखर वाढलेली, पण अजून मधुमेह नसलेल्या) लोकांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. साठीपुढच्यांत ७१ टक्क्यांनी. सीडीसी त्याच धर्तीवर वर्षभराचा वर्ग चालवू देते: पहिल्या सहा महिन्यांत किमान १६ बैठका, उरलेल्या सहा महिन्यांत किमान ६.

ढाचा तोच ठेवा, आशय आपला घाला. ‘ब्राऊन राइस खा’ सांगून कुणी ऐकत नाही. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, वाटीने मोजलेला भात, उपासाला साबुदाण्याऐवजी वरी घेतली तरी ती मोजून, चहातली साखर, आणि लग्नसराईत ताट कसं वाढून घ्यायचं, यावर बोललं की लोक पुढच्या बैठकीला येतात. बोलणारी ताई त्यांच्या भाषेतली असावी. आरोग्यसेवेत भाषा आणि संस्कृती कशी सांभाळावी याची १५ राष्ट्रीय मानकं आहेत, ‘क्लास’ नावाची. त्यांतली कुठली पाळताय ते अर्जात नावानिशी लिहा.

एक कायदेशीर खड्डा: बोट टोचून साखर तपासणं ही अमेरिकेत प्रयोगशाळा-तपासणी धरली जाते. त्यासाठी ‘क्लिया’ या प्रयोगशाळांच्या केंद्रीय कायद्याखालचं, साध्या तपासण्यांसाठीचं वेव्हर प्रमाणपत्र लागतं. फॉर्म सीएमएस-११६, फ्लोरिडात तो राज्याच्या एएचसीए या आरोग्यसेवांवर देखरेख करणाऱ्या खात्याकडे जातो. जोडीदार दवाखान्याच्या प्रमाणपत्राखाली तुमची तपासणी बसते का, ते त्यांच्याकडून लेखी घ्या. वर सांगितलेल्या गणपतीच्या हॉलमध्ये हे कितीजण पाळतात ते विचारू नका.

आणि तपासणीनंतरचं? साखर जास्त निघालेल्या माणसाला कुणाकडे, किती दिवसांत, किती फीमध्ये पाठवणार हे लिहिलं नाही तर अर्ज अर्धवट आहे.

पायरी ६: बजेट आणि तुमचा वाटा

इथे नवख्यांची सर्वांत जास्त धांदल उडते. ‘क्लोजिंग द गॅप’मध्ये दर ३ डॉलरला १ डॉलर स्थानिक वाटा द्यावा लागतो. काउंटीची लोकसंख्या ५०,०००हून जास्त असेल तर त्यातला निम्मा वाटा रोख हवा. उरलेला निम्मा मोफत सेवा किंवा मनुष्यबळाच्या रूपात चालतो. ५०,००० किंवा कमी लोकसंख्येच्या काउंटीत सगळाच वाटा तसा चालतो.

समजा ६०,००० डॉलर मागितले. वाटा २०,०००. हिल्सबरो किंवा ऑरेंजसारख्या मोठ्या काउंटीत त्यातले १०,००० रोख दाखवावे लागणार. ते कुठून येणार ते अर्जाच्या आधी ठरवा. मंडळाच्या देणगीदारांना ‘तुमचा एक डॉलर राज्याचे तीन आणतो’ हे सांगितलं की खिसे जरा सैल होतात.

सेवेच्या रूपातला वाटा मोजताना कामाचा भाव लावा, माणसाचा नाही. हृदयरोगतज्ज्ञ रविवारी येऊन खुर्च्या मांडत असतील तर तो तास खुर्च्या मांडणाऱ्याच्या दराने. तेच रुग्णांना तपासत असतील तर डॉक्टरच्या दराने. आणि प्रत्येक तासाला तारीख, वेळ, काम, सही. ही वही पहिल्या दिवसापासून ठेवा, शेवटच्या आठवड्यात आठवून भरलेली वही ऑडिटर लगेच ओळखतो.

फ्लोरिडाच्या कायद्याने राज्याच्या अनुदान-करारात मोजता येतील अशी ‘डिलिव्हरेबल्स’ (पुरी करून दाखवायची कामं) असावी लागतात आणि ती पुरी झाली नाहीत तर पैसे कापण्याची तरतूदही. म्हणजे ‘महिन्याला ४ बैठका, प्रत्येकीला किमान १२ जण’ असं लिहिलंत आणि ९च आले, तर त्या महिन्याच्या बिलाला कात्री. म्हणून आकडे थोडे हात राखून लिहा. बरेचसे पैसे काम झाल्यावर बिलापोटी येतात. दोन-तीन महिन्यांचे पगार स्वतःच्या खात्यातून भागवता येतील एवढी गंगाजळी नसेल, तर पुन्हा पायरी ३ वाचा.

वरखर्चाचं (ऑफिस, हिशेब वगैरे सामायिक खर्चाचं) म्हणाल तर ज्या संस्थेचा केंद्राशी ठरलेला दर नाही, तिला केंद्राच्या अनुदानांत ऑक्टोबर २०२४पासून ठरावीक थेट खर्चांवर १५ टक्क्यांपर्यंत लावता येतो. आधी १० होते. राज्याच्या अनुदानात काय चालतं ते त्या-त्या जाहिरातीत बघा.

पायरी ७: लिहिणं आणि पाठवणं

लिहायला बसण्याआधी एक हुकमी काम करा. फ्लोरिडाच्या सार्वजनिक नोंदींच्या कायद्याने, प्रकरण ११९ने, मागच्या फेरीत जिंकलेले अर्ज आणि त्यांच्या गुणपत्रिका कुणालाही मागता येतात. आरोग्य खात्याला साधा ईमेल पुरतो, कारण द्यावं लागत नाही. प्रतींचा किरकोळ खर्च लागला तर लागला. दोन जिंकलेले आणि एक हरलेला अर्ज शेजारी ठेवून वाचलात की कुठल्याही कार्यशाळेपेक्षा जास्त कळतं.

मग जाहिरातीतले गुणांचे रकाने हेच तुमचे मथळे करा, त्याच क्रमाने, त्याच शब्दांत. तपासणाऱ्यापुढे गठ्ठा असतो, त्याला शोधाशोध करायला लावू नका. वेळापत्रकात पहिले दोन महिने माणसं नेमणं आणि प्रशिक्षण यांत जातात हे धरा. अनुदान संपल्यावर काम कसं चालू राहील, हाही प्रश्न कायद्यातच आहे. ‘आणखी अनुदानं शोधू’ हे त्याचं उत्तर नव्हे. दवाखाना ती ताई पगारावर घेईल का, वर्गाचे पैसे मेडिकेअर किंवा विमा कंपनी देईल का, हे आधी विचारून ठेवा.

शंका असल्यास जाहिरातीत दिलेल्या मुदतीत लेखी विचारा. उत्तरं सगळ्यांसाठी प्रसिद्ध होतात, तीही वाचा. अर्ज शेवटच्या दिवशी पाठवू नका.

नाही मिळालं तर स्वतःची गुणपत्रिका मागवा. कुठल्या रकान्यात गुण गेले ते बघून पुढच्या फेरीपर्यंत तेवढंच दुरुस्त करा, सगळा अर्ज मोडून नव्याने लिहू नका. मिळालं तर लक्षात घ्या, हे अनुदान एका वर्षाचं असतं आणि अटी पाळल्या तर वर्षावर्षाने वाढवून मिळू शकतं. सहाव्या महिन्यातच पहिल्या दिवशीच्या आकड्यांशेजारी आताचे आकडे मांडा: किती जणांचं वजन उतरलं, किती जणांची एचबीए१सी झाली, किती जणांना नियमित डॉक्टर मिळाला. नूतनीकरणाच्या अर्जात सगळ्यात आधी हेच विचारतात.